अर्लिंग्टनच्या दफनभूमीचा मान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राजधानी जी वॉशिंग्टन, तिच्या समोर पोटोमॅक नदीच्या पैलतीरीं एका टेकडीवर अर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमि आहे. चार लाखांहून अधिक माणसें, बहुतेक सैनिक व त्यांचे आप्त, तेथें चिरनिद्रा घेत आहेत. एकसारख्या पांढऱ्या शिळांच्या त्या रांगा चित्रांत पाहिल्या म्हणजे वाटतें कीं, एखाद्या कृतज्ञ राष्ट्रानें आपल्या वीरांसाठीं ही भूमि प्रथमपासूनच राखून ठेविली असावी. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. आणि ती तशी नाहीं म्हणूनच विद्यार्थ्यांनीं हा इतिहास अवश्य वाचावा, असें माझें मत आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं स्वतःच्या घरांत वाढविलेल्या, त्यांच्या पत्नीच्या नातवाची ही मिळकत. तेथील वाडा व शेती गुलामांच्या श्रमावर उभी होती. पुढें ती त्याच्या कन्येकडे आली. तिचे पति म्हणजे सन १८६१ मध्यें सुरू झालेल्या यादवी युद्धांतील दक्षिण पक्षाचे सुप्रसिद्ध सेनापति रॉबर्ट ली. युद्धास तोंड लागतांच उत्तरेच्या फौजेनें टेकडी व्यापिली. ९२ डॉलर ७ सेंट इतका कर मालकिणीनें स्वतः येऊन भरावा, असा हट्ट अधिकाऱ्यांनीं धरिला. तिच्या आप्तानें आणलेली रक्कम त्यांनीं घेतली नाहीं. आणि सन १८६४ च्या जानेवारींत मिळकत लिलांवांत काढून सरकारनेंच ती २६,८०० डॉलरांस घेतली.

त्याच वर्षीं १३ मे रोजीं विल्यम ख्रिस्टमन नांवाच्या एका तरुण शिपायाचें प्रेत तेथें पुरण्यांत आलें. तो रणांगणांत पडला नव्हता. इस्पितळांत आजारानें वारला होता. ज्यांचे देह गांवीं नेण्याची नातलगांस ऐपत नसे, अशांची ती जागा. तेथें पुरलें जाणें हा त्या काळीं मान समजत नसत. शिवाय सैन्याच्या सामुग्रीखात्याचे प्रमुख जनरल मेग्ज यांनीं वाड्याच्या बागेलगतच थडगीं करविलीं, हेतु हा कीं, ली कुटुंबास तेथें पुन्हां राहतां येऊं नये. सारांश, गरज आणि सूड या दोहोंच्या पायावर या भूमीचा प्रारंभ झाला.

मग तिला मान कशानें आला? माझ्या मतें, घडलेला अन्याय एकामागून एक कबूल केल्यानें. ली यांच्या थोरल्या पुत्रानें फिर्याद केली. सन १८८२ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें चारांविरुद्ध पांच मतांनीं सरकारचा हक्क खोटा ठरविला, आणि पुढील वर्षीं सरकारनें दीड लक्ष डॉलर मोजून ती जमीन रीतसर विकत घेतली. जिंकलेल्या पक्षानें हरलेल्या सेनापतीच्या मुलास न्याय दिला, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि सर्वच अन्याय इतक्या लवकर दूर झाले नाहींत. गुलामगिरींतून सुटलेल्या लोकांसाठीं सन १८६३ सालीं याच मिळकतींत एक वसाहत वसविली होती. अशा सुमारें ३,८०० लोकांचीं थडगीं तेथें असून त्यांतील कित्येकांवर ‘नागरिक’ हा शब्द कोरलेला आहे. ज्यांना सन १८५७ सालीं त्याच न्यायालयानें नागरिकत्व नाकारिलें होतें, त्यांच्या शिळांवर हा शब्द! पण त्याच वंशाच्या सैनिकांस सन १९४८ पर्यंत निराळ्या विभागांत पुरीत असत, हेंही विसरूं नये. जेम्स पार्क्स हा अर्लिंग्टन येथेंच गुलाम म्हणून जन्मला; तेथील पहिलीं थडगीं खणणाऱ्यांत तो होता; सन १९२९ सालीं तो वारला, तेव्हां त्यास लष्करी इतमामानें तेथेंच मूठमाती देण्यांत आली.

सन १९२१ पासून तेथें अनाम सैनिकाची समाधि आहे व सन १९३७ पासून तिच्यावर अहोरात्र पहारा असतो. व्हिएतनामच्या युद्धांतील एक अनाम सैनिकही सन १९८४ सालीं तेथें ठेविला होता. सन १९९८ सालीं समाधि उघडून केलेल्या शास्त्रीय परीक्षेनें त्याची ओळख पटली, तेव्हां देह त्याच्या कुटुंबाच्या स्वाधीन केला, आणि ती जागा रिकामी ठेविली. नांव कळल्यावरही भव्य शिळेखालीं तें झांकून ठेवणें हा सन्मान नव्हे, हें ओळखण्याचें धैर्य येथें दिसतें.

पालकांपैकीं कोणी म्हणतील कीं, पूज्य स्थळांचे दोष मुलांस सांगितल्यानें त्यांचा आदर कमी होईल. मला उलट वाटतें. दोष लपवून शिकविलेला आदर पहिल्या सत्य वचनासरशीं गळून पडतो. सर्व कांहीं जाणून धरलेला आदर टिकतो. तरी मुलांनो, कोणतेंही स्मारक पाहाल तेव्हां त्याच्या उंचीबरोबर हेंही विचारा कीं, ती जागा मूळची कोणाची, खड्डे कोणीं खणले, आणि कोणाचें नांव कोरावयाचें राहून गेलें.