खाटेवरची वीज आणि वाटेवरची वीज

यंत्रमागावरचे काम हातांचे, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. परंतु सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखाद्या टॉवेलच्या वा चादरीच्या कारखान्यात जो थोडा वेळ उभा राहून पाहील त्यास कळून येईल की, एका मागावरून दुसऱ्या मागाकडे, तुटल्या धाग्याकडून संपत आलेल्या कांडीकडे, यंत्रांमधल्या अरुंद बोळातून पाळीभर चालत राहणे हे त्या कामाचे निम्मे अंग आहे. अशा कामगारास अर्धांगवायूचा झटका आला आणि वेळीच उपचार होऊन तो त्यातून वाचला, तरी त्याचा संसार पूर्वपदावर येणे हे त्याच्या हाताइतकेच पावलावर अवलंबून असते. मेंदूची आज्ञा वाटेतच खुंटल्यामुळे पाऊल पुढून लोंबू लागते, बोटे जमिनीस अडखळतात, आणि ती अडखळू नयेत म्हणून माणूस सबंध पाय कमरेतून बाहेर फेकीत, अर्धवर्तुळ काढीत चालतो. ही चाल लवकर थकविते आणि पाडते. फिरत्या यंत्राशेजारी पडणे म्हणजे काय, हे मागावाल्यास सांगावयास नको.

यावर आपल्याकडे रूढ झालेला उपचार म्हणजे रुग्णास खाटेवर निजवावे, नडगीवर पट्ट्या लावाव्यात आणि यंत्र सुरू करून स्नायू पंधरा-वीस मिनिटे आकुंचित होऊ द्यावा. घरची मंडळी त्यास ‘करंट घेतला’ असे म्हणतात आणि त्या दिवसाचे कर्तव्य पार पडल्याच्या समाधानाने रिक्षा बोलावतात. हा उपचार अगदीच निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु निजलेल्या माणसाचा स्नायू हलला म्हणजे उभ्या माणसास चालता येऊ लागले, असा हिशेब शरीरशास्त्र मान्य करीत नाही.

चालत्या माणसास, पावलाच्या नेमक्या क्षणी वीज द्यावी, ही कल्पना काही नवी नव्हे. अमेरिकेतील डॉ. लिबर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली ती प्रसिद्ध केली. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगास, बारीक हाडाच्या माथ्यापाशी, पाऊल उचलणाऱ्या स्नायूंची नस त्वचेच्या अगदी निकटून जाते. तेथे पट्टी बसवून टाचेखाली एक कळ ठेवली की, टाच उचलली जाताच सेकंदाला तीस-चाळीस या गतीने विजेचे सूक्ष्म स्पंद सुरू होतात, पाऊल वर उचलले जाते, आणि टाच पुन्हा टेकली की ते स्पंद थांबतात. एकेक स्पंद सेकंदाच्या दहा हजारांश भागांपैकी दोन-तीन भागांचा. सारे कौशल्य वेळ साधण्यात आहे. रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न आणि यंत्राचे साहाय्य एकाच पावलात एकत्र येतात, आणि खाटेवरच्या उपचारात नेमका हाच संयोग घडत नाही.

अर्थात प्रत्येक लुळ्या पावलावर हा इलाज चालत नाही. मेंदूत वा पाठीच्या कण्यात इजा झाली असून खालची नस शाबूत असेल, तरच ती विजेला उत्तर देते. कुष्ठरोगाने तीच नस निकामी केलेली असेल, तर कितीही पट्ट्या लावल्या तरी पाऊल उचलत नाही, आणि तेथे स्नायुबंध दुसरीकडे वळविण्याची शस्त्रक्रियाच उपयोगी पडते. हृदयात पेसमेकर असलेल्यास वा अपस्मार आटोक्यात नसलेल्यास ही वीज वैद्यांच्या सल्ल्यावाचून लावू नये. म्हणून यंत्र विकणाऱ्याने नव्हे, तर तपासणाऱ्याने आधी खातरजमा केली पाहिजे.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ साली या पद्धतीची सुरक्षितता आणि तिने चालीत होणारी सुधारणा यांविषयीचा पुरावा पुरेसा असल्याचा निर्वाळा दिला. तरीही पुढे अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचण्यांत प्लास्टिकची साधी पट्टी, म्हणजे घोट्याचा स्प्लिंट, वापरणाऱ्यांच्या चालीचा वेगही जवळजवळ तितकाच सुधारलेला आढळला, हे लपविण्यात काही हशील नाही. म्हणून माझा आग्रह महागड्या यंत्राचा नाही. स्प्लिंट स्वस्त आहे, तो आधी मिळावा. मात्र तो बंद बुटात नीट बसतो, आणि आपला कामगार चप्पल घालतो, तीही उंबरठ्याशी काढून ठेवतो. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात पोटरीला प्लास्टिक बांधून राहणे हीही एक शिक्षाच. टाचेच्या कळीलाही बूट लागतो. परंतु नडगीच्या कलण्यावरून पावलाची वेळ ओळखणारी यंत्रे निघाली आहेत, ती अनवाणी पायालाही चालतात. कोणास काय मानवते, हे दोन्ही वापरून पाहिल्यावाचून ठरत नाही.

आता खर्चाचा प्रश्न. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राज्य कामगार विमा योजनेत दीर्घकालीन आजारांच्या यादीत अर्धांगवायूचा समावेश आहे, आणि पात्र विमाधारकास वेतनाच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही त्याच्यापर्यंत ही तरतूद पोहोचत नाही, ती तक्रार निराळी आणि मोठी. पण ज्याच्यापर्यंत ती पोहोचते, त्यास घरी बसण्याबद्दल दोन वर्षे भत्ता देणाऱ्या खात्याने पहिल्या तीन-चार महिन्यांतच, सुधारणेची उमेद सर्वाधिक असताना, त्याच्या चालीची तपासणी, स्प्लिंट आणि यंत्राची चाचणी यांची तजवीज लेखी हुकुमाने का करू नये? सोलापुरात वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अक्कलकोटच्याच वाटेवर कुंभारीस अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. आठवड्यातून एक दिवस तेथे केवळ चालीसाठी राखून ठेवावा आणि यंत्र विकत न देता काही आठवडे वापरावयास द्यावे. पट्टी बोटभर इकडे-तिकडे सरकली तरी पाऊल वर उचलण्याऐवजी आत किंवा बाहेर वळते; म्हणून ती कोठे लावावी हे रुग्णाच्या पत्नीस अथवा मुलास स्वतःच्या हाताने लावून दाखविता येईल इतके शिकवावे, आणि पूर्व भागातील पद्मशाली घरांत आजही तेलुगू बोलली जाते, तर अक्कलकोटकडून येणाऱ्या पुष्कळांची बोली कानडी, तेव्हा सूचनांचा कागद या दोन्ही भाषांत छापून घ्यावा.