माजघरांतील मौन

आमची पुतणी विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकते. गेल्या श्रावणांत ती वसतिगृहांतून ताप घेऊनच घरीं आली. लघवीची जळजळ तीन आठवडे चालली होती. पण बोलावें कोणाजवळ? घरचे डॉक्टर तिच्या आजोबांचे स्नेही, आणि आमच्या माजघरांत असले शब्द उच्चारण्याची रीत नाहीं. दाह मूत्रपिंडापर्यंत पोंचून पाठींत कळा येऊं लागल्या, तेव्हां आम्हांस कळलें. औषधानें ती बरी झाली. परंतु नऊ जणांच्या घरांत तिला एकही मोकळा कान मिळूं नये, ही टोंचणी राहिलीच.

पुढें तिनें काकूस सांगितलें कीं, भीति दुखण्याची नव्हती, पहिल्या प्रश्नाची होती. वास्तविक स्त्रीचा मूत्रमार्ग आंखूड असल्यामुळें हा विकार अविवाहितेसही होतो, शरीरसंबंधानंतरही होतो. कारण कांहींही असो, उपचार लवकर हवा. चौकशी आधीं व औषध मागून, हा क्रम आमचा. रोग त्याची वाट पाहत नाहीं.

धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र उघडलें व १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें. वडिलांस आपण भारतरत्न दिलें. मुलावर खटले भरले. आमच्या घरांतही मुलींची पदवी भिंतीवर असते, देह मात्र पडद्याआड!

गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी एच.पी.व्ही. लस सामान्यतः ९ ते २६ या वयांत देतात. शरीरसंबंधापूर्वीं घेतल्यास गुण अधिक. पुण्यांत तयार झालेली लस २०२३ पासून मिळूं लागली. गर्भनिरोधक गोळी संसर्गापासून रक्षण करीत नाहीं. त्यासाठीं निरोधच वापरावा लागतो. तसेंच, १९७१ चा गर्भपाताचा कायदा १८ वर्षें पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःचीच संमति मागतो. २०२१ च्या दुरुस्तीनें अविवाहितेसही सामावून घेतलें असून तिचें नांव गुप्त राखणें डॉक्टरांस बंधनकारक आहे. हें मुलींनीं मैत्रिणींच्या कुजबुजींतून कां ऐकावें?

आतां पुतणीजवळ एका स्त्री-डॉक्टरांचा पत्ता व फीचे पैसे देऊन ठेविले आहेत. 'कशासाठीं' असें कोणी विचारावयाचें नाहीं, असें ठरलें. दोघे वडील बंधु कुरकुरले. पहिला रुकार आला तो आमच्या मातोश्रींचा. त्यांचीं पांच बाळंतपणें झालीं आहेत.