दूरचा हादरा आणि दाराची कडी

माझी आई पाटण खोऱ्यातली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. दाराची कडी अडकली आणि घरच्यांना बाहेर पडायला उशीर झाला, हे ती अजून विसरलेली नाही. मार्च 2025 मध्ये म्यानमारच्या भूकंपाची दृश्ये टीव्हीवर पाहिली आणि त्या रात्री तिने दाराला कडीच लावली नाही.

मी चिडलो. "अगं आई, म्यानमार कुठे नि बेळगाव कुठे! तिथल्या हादऱ्याचा इथे काय संबंध?"

"जमीन एकच ना रे?" ती म्हणाली.

नंतर वाचू लागलो, तेव्हा कळले की ती अगदीच चूक नव्हती. 1992 साली कॅलिफोर्नियात लँडर्सचा भूकंप झाला आणि सुमारे 1,250 किलोमीटर दूरच्या यलोस्टोन भागापर्यंत लहान धक्के सुरू झाले. 2002 साली अलास्कातल्या डेनाली भूकंपाच्या लाटा तीन हजारांहून अधिक किलोमीटर पार करून कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशाखालून गेल्या, तेव्हा पार्कफिल्डजवळ जमिनीत खोलवर थरथर नोंदली गेली. आपण जिला थरथर म्हणतो, तिला माझी पत्नी कन्नडमध्ये 'नडुक' म्हणते. ही नडुक फक्त यंत्रांनाच कळते, माणसाला जाणवत नाही.

असे का होते? मोठ्या भूकंपाच्या लाटा भूपृष्ठालगत सेकंदाला तीन-चार किलोमीटर वेगाने दूरवर जातात. वाटेत एखादा भ्रंश आधीच ताणलेला असेल, त्याच्या खोल भागात दाबाखालचे पाणी असेल, तर हलकासा धक्काही त्याला पुरतो. पार्कफिल्डला पुरलेला दाब हवेच्या दाबाच्या शंभरातल्या दोन-तीन भागांइतकाच होता. कोयनेला दूरच्या लाटा कारण नव्हत्या. तिथे धरणाच्या पाण्याचा भार आणि भेगांत मुरलेले पाणी कारणीभूत ठरले, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तरी मूळ गोष्ट तीच, काठावर आलेल्याला थोडे निमित्त पुरते.

मात्र दूरच्या भूकंपामागोमाग आपल्याकडेही मोठा भूकंप येतो, असा नेहमीचा अनुभव नाही. एप्रिल 2012 च्या हिंदी महासागरातल्या 8.6 तीव्रतेच्या भूकंपानंतर काही दिवस जगभर मध्यम-मोठे भूकंप वाढले होते, पण तो अपवाद. तेव्हा 'आज रात्री इथे भूकंप' असे निरोप मोबाईलवर आले, तर पुढे पाठवू नका. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणे अजून कोणालाही जमलेले नाही.

हे सारे आईला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे जमीन एकच. मी म्हटलंच होतं."

पुढच्या रविवारी सुतार बोलावून दाराची जुनी, अडकणारी कडी काढली आणि एका बोटाने निघेल अशी नवी बसवली. आता आई रोज रात्री कडी लावते. तुमच्या दाराचीही एकदा पाहून घ्या.