हजेरी मजुराची, झाडाझडती कुणाची?

मोठ्या बांधकामांवर आता गेटपाशीच कॅमेरा असतो. त्यापुढे चेहरा दाखवला की मजुराची हजेरी लागते. संध्याकाळी सिमेंटने माखलेलं तोंड यंत्राला ओळखता आलं नाही, तर अर्धा रोज बुडण्याची धास्ती. हेल्मेटला चिकटवलेला टॅग तो कुठं, किती वेळ थांबला याची नोंद ठेवतो. वर ड्रोन घिरट्या घालतो. या सगळ्याला आपण उत्पादकता वाढवणं म्हणतो.

यंत्राशी माझं भांडण नाही. स्लॅबमध्ये पुरलेला सेन्सर काँक्रीट कितपत पक्कं झालं ते सांगतो. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साधारण सात दिवस आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवस काढू नयेत, हा भारतीय मानकातला आडाखा. तिथं प्रत्यक्ष मोजमाप हाती आलं, तर वेळही वाचेल आणि अर्धकच्च्या स्लॅबखालचा माणूसही. संगणकावरच्या त्रिमितीय नकाशात ड्रेनेजचा पाइप बीममध्ये घुसताना आधीच दिसतो. भरलेली बीम छिन्नी-हातोड्याने फोडणारा बिगारी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचं मोल सांगायला नको.

पण यंत्राला आपण विचारतो काय? मजूर चहाला किती मिनिटं गेला! रेडीमिक्सची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली असते, पंप बंद पडलेला असतो, सळई बांधून झाल्यावर ऑफिसातून सुधारित ड्रॉइंग येतं. तेवढा वेळ अख्खी सेंट्रिंगची टोळी उन्हात बसून. हे तास खाल्ले कुणी? निर्णय लांबवणाऱ्या मालकाने, उशिरा नकाशे देणाऱ्या सल्लागाराने, साहित्याचं वेळापत्रक न पाळणाऱ्या पुरवठादाराने. साहेबांच्या टेबलावर पडून राहिलेल्या फाइलला मात्र टॅग कुणी लावत नाही. कामचुकार ठरतो तो घमेलं उचलणारा.

10 सप्टेंबर 2023 रोजी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका चाळीस मजली इमारतीत गच्चीवरचं काम आटोपून मजूर लिफ्टने खाली येत होते. लिफ्ट कोसळली, सात जण गेले. त्याच्या महिनाभर आधी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं अजस्र यंत्र कोसळून वीस जण मेले. 2019 च्या जूनमध्ये कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली, पंधरा जण झोपेतच गाडले गेले. लिफ्टवर किती भार आहे, भिंत कितीशी कलली, हे सांगणारी उपकरणं जगात केव्हाच आली आहेत. आपल्याकडे त्यांच्या आधी चेहरा ओळखणारा कॅमेरा आला. पैसा नव्हता म्हणून नव्हे. माणसाच्या मिनिटाची किंमत आपल्याला कळते, माणसाची कळत नाही, म्हणून.

आणखी एक निर्लज्जपणा पाहा. 1996 च्या कायद्याने बांधकाम मजुरांसाठी कल्याणकारी मंडळं आली, बांधकाम खर्चावर उपकर आला. त्या पैशांतून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचं सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तरी आपल्यापैकी किती जणांची झोप उडाली? मंडळाकडे नाव नोंदवायचं तर मजुराने वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणावा लागतो. त्यासाठी तो ठेकेदाराच्या मागे हिंडतो. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की हा माणूस आपल्याकडे होता हे कबूल करावं लागतं. अहो, गेटवरच्या कॅमेऱ्याने त्याचा रोजचा चेहरा टिपलाय ना? एकशे वीस दिवसांच्या नोंदी सर्व्हरवर पडून आहेत. रोज कापायला हा पुरावा चालतो. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, बायकोच्या बाळंतपणाच्या मदतीसाठी तोच पुरावा नेमका सापडेनासा होतो. एक बटण दाबलं की दाखला निघेल. ते बटण बसवायला कुणी सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलेलंच नाही.

सगळं खापर बिल्डरवर फोडून आपण सुशिक्षितांनी मोकळं होऊ नये. घराचा ताबा लांबला तर महारेराकडे धाव घेणारे आपणच. मोबाइलवर ड्रोनचा व्हिडिओ पाहून ‘आपला बारावा मजला झाला’ म्हणून पेढे वाटणारेही आपणच. सॅम्पल फ्लॅट बघायला गेल्यावर मुख्य दरवाजा पूर्वेला आहे का हे आपण चौकसपणे विचारतो. पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बायांसाठी संडास किती, साडीच्या झोळीत झोपलेल्या पोरासाठी पाळणाघर आहे का, हे विचारलं तर एजंट आपल्याला वेड्यात काढेल, अशी लाज आपल्याला वाटते. मग राहायला गेल्यावर कित्येक सोसायट्यांत पहिल्या काही ठरावांतच एक पास होतो: कामवाल्या बायांनी आणि मजुरांनी कोणती लिफ्ट वापरायची याचा.