शॉकअपकडे काणाडोळा नको

शेतकरी बंधूंनो, ट्रॅक्टरचे ऑइल आपण वेळेवर बदलतो. पण दारातल्या मारुतीचे शॉकअप गेले तरी 'चालतंय की' म्हणून रेटतो. हे बरे नव्हे.

गाडीचे वजन पेलते स्प्रिंग; तिची उसळी आवरते शॉकअपमधले तेल. ते गळाले की चाक रस्त्याला धरून राहत नाही, उड्या मारते. मग ब्रेक दाबला तरी गाडी लांब जाऊन थांबते, टायरही जागोजागी झिजतो.

तपासणी फुकटात होते. उभ्या गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. एक-दोन हेलकाव्यांत ती स्थिरावली नाही किंवा शॉकअपवर ओले तेल दिसले, तर गॅरेज गाठा. डावा-उजवा जोडीनेच बदला. पुढचे स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या. स्ट्रटची दाबलेली स्प्रिंग घरी उघडू नका, जिवावर बेतेल.

आणि सरपंच, पंचायतीच्या मंडळींनो, इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या सूचनांत गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला होता. आपल्या वेशीवरच्याला एकदा टेप लावा. गावच्या गाड्या कशाने खिळखिळ्या होतात, ते तिथेच कळेल.