राणीच्या बागेची मुळे वाचवा

भायखळ्याच्या राणीच्या बागेत प्राणिसंग्रहालयाच्या कामांसाठी जुन्या झाडांच्या मुळांजवळ यापुढे एकही खड्डा खणला जाऊ नये. राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, ही आधी वनस्पतींची बाग आहे, मग प्राण्यांची. 1862 पासूनची ही ओळख पेंग्विन पाहण्याच्या रांगेत हरवता कामा नये.

झाड तोडले नाही म्हणजे ते वाचले, हा समज घातक आहे. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. पायासाठी खणलेला चर ती छाटतो. फरसबंदीखाली माती दबते, हवापाणी अडते. झाड लगेच मरत नाही. शेंडा वाळत जातो आणि काही वर्षांनी एखाद्या पावसाळ्यात ते उन्मळून पडते. तोवर जबाबदारी कोणाची, हे ठरवणेही कठीण होऊन बसते.

बागेतले उर्वशीचे झाड पाहावे. उर्वशी मूळची म्यानमारची; तिचे लालभडक, पिवळ्या ठिपक्यांचे फुलोरे लांब देठांवरून झुंबरासारखे खाली लोंबतात. बियांपासून तिची रोपे क्वचितच मिळतात. असे झाड गेले, तर बदल्यात लावलेली दहा रोपे ते नुकसान भरून काढणार नाहीत.

पन्नास वा अधिक वर्षांच्या झाडांना राज्याच्या कायद्याने 2021 पासून ‘हेरिटेज वृक्ष’ मानले आहे. महापालिकेने अशा प्रत्येक झाडाचे मूळक्षेत्र आखून नकाशा जाहीर करावा आणि स्वतंत्र वनस्पतितज्ज्ञांच्या लेखी संमतीशिवाय तिथे कुदळ लावू देऊ नये.