गाडीची सजावट : शौक आणि सलीका

मोटारीचे शौकीन एकत्र जमले की एका गोष्टीवरून हमखास वाद होतो. गाडी सजवायची तर किती? जुने जाणकार म्हणतात, केलेला बदल चटकन नजरेत भरू नये. डेंट काढावा, मूळ रंग पुन्हा चढवावा, टायर आणि सीट चांगल्या घ्याव्यात, बस्स. नव्या पोरांना मात्र दहा जणांनी वळून पाहिले नाही तर पैसे वाया गेले असे वाटते. मग छोट्या गाडीच्या मागे प्लॅस्टिकचा पंख लागतो, बॉनेटवर खोटी जाळी बसते आणि साध्या मॉडेलवर महागड्या मॉडेलचे नाव झळकते! तो पंख भरधाव गाडीची मागची चाके रस्त्याला दाबून धरण्यासाठी असतो. भिवंडीच्या खड्ड्यांत त्याचे काय काम?

मी जुन्यांच्या बाजूचा आहे. पण व्यापाराच्या पानावर लिहितो आहे म्हणून सांगतो, खरा प्रश्न रोजीचा आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून तालुक्याच्या नाक्यापर्यंत या कामात आपली कितीतरी मुले आहेत. त्यांना झटपट पैसा मिळतो तो काळ्या काचा, कर्कश सायलेन्सर आणि पुढचे लोखंडी गार्ड यांत, आणि नेमकी हीच कामे कायद्यात बसत नाहीत. काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहेत, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुण्यात पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला. दंड भरलेले गिऱ्हाईक मिस्त्रीकडे पुन्हा येत नाही, आणि रात्री दोन वाजता जागे झालेले मोहल्ल्यातील आजारी माणूस त्याला दुआ देत नाही.

त्यामानाने सीटचे काम टिकाऊ. कापडाच्या धंद्यामुळे या कारागिरांशी माझा संबंध येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. काळे रेक्झिन दिसायला झकास, पण विदर्भाच्या मे महिन्यात त्यावर बसून दाखवा. घाम शोषणारे, हवा खेळणारे, रंग न सोडणारे कापड गिऱ्हाइकाला दुसऱ्या उन्हाळ्यात आठवते. शिवण सरळ, कोपरा घट्ट, रंग आतल्या पत्र्याशी जुळणारा, यालाच आम्ही सलीका म्हणतो. आता एक नवी बाब आली आहे. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटमध्येच बसवलेली असते. तिच्यावर जाड कव्हर घट्ट ओढून शिवले तर अपघातात ती नीट उघडणार नाही. अशा सीटसाठी कव्हरची बाजू मोकळी ठेवतात किंवा तिथे सहज तुटणाऱ्या दोऱ्याची शिवण घालतात. हे कारागिराला ठाऊक हवे. शोभेपायी कोणाचा जीव जाता कामा नये.

नंबरप्लेटची गंमत तर संपतच आली. ४१४१ ला वळण देऊन ‘दादा’ लिहिणारे पेंटर शहरोशहरी होते. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्याकडूनच सुरक्षा प्लेट येऊ लागली आणि ते काम बसले. उद्या सायलेन्सरवाल्यांचेही तेच होईल.

परिवहन कार्यालयांनी कोणता बदल चालतो, कोणता नोंदवावा लागतो आणि कोणता चालतच नाही, याची यादी मराठी आणि उर्दूत छापून गॅरेजवाल्यांना द्यावी. रंग बदलला तर आर. सी. बुकात नोंद करावी लागते, एवढेही अनेक मिस्त्रींना कोणी सांगितलेले नाही.